झाकून नेलेल्या तमंच्याबाबत

मी राघोबा निवृत्ती बिरादार, वय एकसष्ट, धंदा शेती आणि भाषणे, राहणार मौजे कोहिनूर, जिल्हा बिदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. छातीत पाणी झाले आहे, डोक्यात नाही. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक दाखवून माझ्याकडून काही लिहून घेणारा अजून भेटलेला नाही.

१. विहिरीकाठची सात एकर जमीन व राहते घर माझी एकुलती मुलगी सुमनबाई हिला. लेकीला जमीन दिली म्हणून भावकी ओरडेल. स्त्रियांच्या हक्कावर मी बोललो तेव्हा हीच भावकी पुढे बसून टाळ्या वाजवत होती.

२. पुस्तकांच्या तीन पेट्या चिटगुप्प्याच्या वाचनालयास. कुलपात ठेवणार असतील तर देऊ नयेत.

३. धाकटा भाऊ श्रीमंत यास बैलजोडी व तिफण. मात्र त्याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. कारण लिहितो.

आमच्या देवघरात पणजोबांचा तमंचा होता. चापाला गारगोटी नाही, नळीत शिसे ओतलेले. त्याने चिमणीसुद्धा उडाली नसती. खंडेनवमीला तो पुजायचा आणि दसऱ्याला शिवेवरच्या शमीपर्यंत न्यायचा, हा घरचा रिवाज. पुजलेल्या शस्त्रावर वाटेत कोणाची नजर पडू नये म्हणून घरची बाई त्यावर आपला खण घालते. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी राजूबाई हिने तो घातला. वेशीत पोलिसांनी मला धरले.

अदालतीचे सारे कामकाज उर्दूत. तिथे प्रश्न एकच उरला. हाकिम म्हणाले, असले निकामी जुने हत्यार उघड नेले तर गुन्हा नाही, लपवून नेले तर आहे. श्रीमंतची साक्ष झाली. तो खरे तेच बोलला : "अण्णानं झाकून न्हेलं, साहेब." कारकुनाने उर्दूत लिहिले, "छुपाकर". वर विचारले, "छुपाकर ना?" श्रीमंत बाजारात दिवसभर उर्दू बोलतो. मान डोलावून म्हणाला, "व्हय जी."

मला तर त्या कारकुनापेक्षा बरी उर्दू येते. पण सरकारदरबारी मायबोलीखेरीज बोलणार नाही, अशी शपथ मी भर सभेत घेतली होती. मराठीतच ओरडलो, "लपवून नाही, झाकून!" कारकून म्हणाला, "वही तो लिखा." त्यानंतर मी तोंड मिटून घेतले. दोन वर्षांची शिक्षा झाली.

शिपाई मला अदालतीबाहेर आणत असताना श्रीमंत म्हणाला, "गावोगाव तोंड चालतंय, हितंच कामून गप बसलास, अण्णा? मी भ्यालतो. तू कशाला भ्यालास?" याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. म्हणूनच त्याला क्षमा करता येत नाही.

मी तुरुंगात असताना राजूबाई गेली. शेजारच्या भागम्मा शेवटपर्यंत उशाशी होत्या. राजूबाई त्यांना एवढेच म्हणत राहिली, "माझ्याच खणानं त्येनला आत टाकलं, अक्का."

४. तमंचा व खण अजून अदालतीच्या मालखान्यात आहेत. त्यांवरचा माझा हक्क सुमनबाईस. तमंचा सडला तरी चालेल. खण आणावा आणि माझ्या शिक्षेच्या फेरविचाराचा अर्ज करावा, म्हणजे तिच्या आईवरचा बोल जाईल. अर्ज उर्दूत करावा, हाकिमांपुढे उर्दूतच बोलावे. माझी शपथ माझ्याबरोबर जळू द्यावी. ती मी कोणाला वारशात देत नाही.

५. नोंदणीला या कागदाचा उर्दू तर्जुमा लागतो. तो मीच केला आणि खालील दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. "झाकून" या शब्दापाशी मी "ढाँककर" लिहिले आहे. शब्द साधा आहे. उच्चारायला अर्धा श्वासही लागत नाही.

सही : राघोबा निवृत्ती बिरादार

साक्षीदार, आमच्यासमोर वाचले व सही केली :
हावगेप्पा सिद्रामप्पा पाटील
सिद्धप्पा मल्लप्पा, अंगठा डाव्या हाताचा

मुक्काम कोहिनूर, पौष वद्य, शके १८६३, फसली १३५१