मामांच्या वाटणीचं गवत

२ डिसेंबर

त्यांच्या वाटणीचं गवत जाळायला मामांनी आजही होकार दिला नाही. म्हणजे तोंडानं ‘नाही’ म्हणालेच नाहीत. मी बोलत राहिले, ते गाईला पाणी पाजत राहिले. शेवटी म्हणाले, “चहा घेऊन जा.” झालं!

माळाचे बाकीचे तुकडे आम्ही जाळून उरकलेत. पहाटे अजून दव पडतंय, गवत बुडाशी ओलं आहे. आत्ता पेटवलं तर ज्वाळा गुडघ्याच्या वर जात नाही, अंधार पडेपर्यंत आपोआप बसते. मात्र हेच गवत उभं वाळलं आणि उन्हाळ्यात कुठून ठिणगी पडली, तर आग झाडांच्या शेंड्यांवर चढते.

हे मी मामांना सांगायचं? मला शिकवलं कुणी!

३ डिसेंबर

फॉरेस्ट ऑफिसचे साहेब म्हणाले, “परवानगी माझ्या सहीची आहे. मग अडलंय कुठे?”

अडलंय कुठे! ओढ्यापासून टेकडीपर्यंतचं गवत मामांच्या वाटणीचं; त्याला पहिली काडी मामांच्या घरातूनच लागते. आजोबांच्याही आधीपासून. याच ऑफिसनं आजोबांना त्या काडीपायी कोंडून ठेवलं होतं. पुढे कित्येक वर्षं बंदी. मग दर उन्हाळ्यात अख्खा माळ भडकायला लागला, झाडांच्या ढोलीतली पोपटांची पिल्लं ढोलीतच भाजायला लागली, तेव्हा कुठे यांना आमची आठवण झाली. आता मी यांच्याच गणवेशात, आगीच्या तुकडीची प्रमुख. आणि अडवणारे माझे सख्खे मामा. हसावं की रडावं?

७ डिसेंबर

आज मामा बोलले. नसते बोलले तर बरं झालं असतं.

“तुझ्या ऑफिसला माझी एक पोरगी पुरली नाही का?”

गेल्या वर्षी परवानगी उशिरा आली. तोवर गवत कडकडीत झालं होतं. रस्त्याकडून आग आली, आणि ती विझवायला गेलेल्या तुकडीत धाकटी होती – मामांची लेक, माझ्या हाताखालची. दोन्ही हात भाजले, मान भाजली. त्यानंतर मामांनी काडी हातात धरलेली नाही. चूलसुद्धा मामीच पेटवतात, ते अंगणात जाऊन बसतात.

निघताना धाकटी दारात आली. “बस ना जरा.” मी म्हटलं, घाई आहे. कसली डोंबलाची घाई! तिच्यासमोर बसायला धीर होत नाही, एवढंच.

१० डिसेंबर

दव कमी झालंय. तुकडीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

१२ डिसेंबर

आज गेले. मामांना न विचारता, साहेबांच्या हुकमावर. मशाल पेटवली, वारा बघितला. सगळं मनासारखं! आणि मामा समोरून चालत आले, गवतात उभे राहिले. कमरेएवढं गवत, हात मोकळे.

“लाव,” म्हणाले.

मी मशाल मातीत खुपसली. जीपचा ड्रायव्हर हळूच म्हणाला, “उचलून बाजूला ठेवू का त्यांना?” त्याच्यावर अशी खेकसले की माझा मलाच आवाज ओळखू येईना.

१३ डिसेंबर

आईला कळलं. “माझ्या भावावर मशाल घेऊन गेलीस!” ताट वाढलं, पण पुढ्यात आदळलं. मी म्हटलं, आई, तो माळ पेटला तर तुझ्या भावाचं घरच पहिलं जाईल. ती म्हणाली, “मग जाऊ दे.” आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

१६ डिसेंबर

साहेबांनी नवा तोडगा काढला. मामांच्या गवताभोवती ट्रॅक्टरनं रुंद पट्टा साफ करायचा, म्हणजे आग लागली तरी बाहेर येणार नाही. पट्ट्यात ढोलीची जुनी झाडं येतात. सगळी तोडायची. पोपट यंदाही तिथेच घरटी करायला आलेत. वाद घातला, ऐकलं नाही. “दुसरा उपाय आहे का तुमच्याकडे?” म्हणाले.

मामांना सांगायला गेले. वाटलं, आता तरी भडकतील. ढोलीतली पिल्लं आम्हाला खांद्यावर बसवून दाखवणारा हा माणूस!

“तोडा,” म्हणाले. मान वर न करता.

इतकी भीती मला कुठल्या आगीची वाटली नव्हती. धाकटी उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती.

१७ डिसेंबर

उद्या दुपारी ट्रॅक्टर.

१८ डिसेंबर

धाकटीनं लावली!

आम्ही ट्रॅक्टर घेऊन पोचलो तर ती ओढ्याच्या कडेनं चालली होती, हातात पेटती पेंढी. ज्वाळा बुटकी, धूर पांढरा. मामा ओलं पोतं घेऊन तिच्या मागे, आणि पाय बरोबर जागी पडत होते.

मी धावले. “अगं, तू—”

“मला कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “सगळे आपले बाबांना विचारत बसलात.” मग माझ्यावरच ओरडली, “बघत काय उभी राहिलीस? वारा फिरतोय. ती बाजू धर!”