विहीर खोल करायचा एकपानी प्लॅन

१२ मार्च
पाणी कमिटीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, यावरून लोकांचा विश्वास दिसतो. गल्लीला विहीर एकच, आणि एप्रिल लागला की बादली तळाला घासते. माझा प्लॅन एका पानात मावतो. विहीर खोल करायची, मोठा पंप बसवायचा. संपलं.
वहिनी भेटल्या. दादा गेल्यापासून रोपांच्या नर्सरीवरच त्यांचं घर चालतं. म्हणाल्या, भाऊजी, मेअखेरपर्यंत पाणी पुरेल ना? कंत्राटदाराला नव्या कॉलनीसाठी लिंबू-चिकूची रोपं हवीत, ऑर्डर मोठी आहे. पुरेल काय, उरेल, म्हटलं. बिनधास्त घ्या. घेतली.

१६ मार्च
पाणी खात्याच्या मॅडम आल्या. वयाने पोरगी. पेटीत पाण्याचा खारटपणा मोजायचा मीटर. म्हणाल्या, समुद्र जवळ आहे, इथे गोड पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगतो. वरवरचं हळूहळू काढा, खोल जाऊ नका. छपराचं पाणी खड्डे करून जमिनीत मुरवा. मी विचारलं, पाण्यावर पाणी तरंगताना कोणी पाहिलंय? त्या हसल्या. म्हणजे पटलं त्यांना.
खड्डे कॅन्सल. फुकटची नाटकं. इंजिनं खोलण्यात जन्म गेला माझा. खालून ओढलं की वर येतं, एवढंच सायन्स.

२ एप्रिल, सकाळी
विहीर खोल झाली, पंप सुरू. धार अशी की हात मागे ढकलते. समोरचा शिंपी म्हणाला, अध्यक्ष, मानलं तुम्हाला. मॅडमना मुद्दाम फोन केला. त्यांनी विचारलं, किती तास चालवणार? म्हटलं दिवसभर, बंद ठेवायला आणलाय का?

९ एप्रिल
चहा फाटला. दूधवाल्याला झापलं. तो म्हणे, काका, पलीकडच्या गल्लीत हेच दूध देतो, त्यांचा नाही फाटत. वर तोंड करून बोलतो. उद्यापासून बंद.

११ एप्रिल
नव्या दूधवाल्याचंही फाटलं. धंदाच नासलाय सगळा. हिने भांडंभर पाणी पुढे केलं, म्हणाली जरा चाखून बघा. सकाळी उपाशीपोटी पाणी मला बाधतं. संध्याकाळी बघू.

१३ एप्रिल
अंघोळीला अर्धी वडी झिजवली, फेस नाही. साबणात आता काही राम उरला नाही. संध्याकाळी पाणी चाखायचं राहिलंच.

१५ एप्रिल
वहिनींनी बोलावलं. लिंबाच्या पानांच्या कडा तपकिरी, भाजल्यासारख्या. ऊन, मी म्हटलं. वर सावलीचं नेट बांधा. त्या हळूच म्हणाल्या, भाऊजी, पाण्याचं तर काही नसेल ना? मी म्हटलं, आहे ना, कमी पडतंय. दोन वेळा घाला. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणताय तर घालते.
परत येताना विहिरीकडे बघितलं नाही. तिकडून ऊन डोळ्यावर येतं.

१९ एप्रिल
चिकूचीही पानं करपली. या वयात शिडीवर चढून मी स्वतः नेट बांधलं. कोण करतं एवढं कोणासाठी? वहिनी दोन वेळा पाणी घालतात. भिंतीपलीकडून झारीचा आवाज येतो. रेडिओ मोठा करून बसलो.

२२ एप्रिल
मॅडमनी विहिरीत मीटर सोडला. म्हणाल्या, काका, खालचं खारं पाणी वर आलंय, पंप आत्ता बंद करा, झाडांना एक थेंब घालू नका. म्हटलं, सेल उतरलाय तुमचा. त्यांनी नवा सेल घातला. आकडा तोच. मग ग्लास भरून माझ्यासमोर धरला. मीटिंगला उशीर होतोय म्हणून मी निघालो. मीटिंग मीच बोलवायची असते. बोलावली नव्हती.
पंप बंद केला. सर्व्हिसिंगसाठी. वहिनींना मी सांगतो, घरचा मामला आहे, असं मॅडमना ठणकावून सांगितलं.

२३ एप्रिल
सांगायला गेलो. वहिनी घामाघूम. म्हणाल्या, पंप बंद आहे म्हणून बादलीने ओढते आहे, तुम्ही दोन वेळा सांगितलंय ना. मी नेटची एक दोरी सैल होती ती घट्ट केली आणि आलो. दोरी आधी महत्त्वाची होती. उद्या सांगतो.

२४ एप्रिल
उद्या नक्की.

२५ एप्रिल
सकाळीच गेलो. आमची ही आधीच पोचलेली. वहिनींच्या हातातली झारी काढून घेतली होती, सगळं सांगून झालं होतं. मॅडम म्हणे काल बाजारात भेटल्या हिला. मला बघून म्हणाली, तीन दिवस तोंड शिवून बसलात, त्या बाई रोज स्वतःच्या हाताने मीठ घालत होत्या.
वहिनी खाली बसल्या. गळलेली पानं गोळा करत राहिल्या. भांडल्या असत्या तर मला माझी बाजू तरी मांडता आली असती.

३० एप्रिल
कंत्राटदार रोपांचा पहिला हप्ता न्यायला आला. दोन कुंड्या उचलून पाहिल्या, खाली ठेवल्या. टेम्पो रिकामा गेला. दुपारी कमिटीने ठरवलं की पंप विकायचा, खड्डे खणायचे, विहिरीला दोन पावसाळे विश्रांती. माझ्या विरोधात एक शब्द नाही. माझ्या बाजूनेही नाही. मतभेद नाहीत, हे महत्त्वाचं.

६ मे
वहिनी आल्या होत्या. सोमवारपासून शहरात दुसऱ्याच्या नर्सरीत कामाला जाणार, सकाळच्या पहिल्या बसने. म्हणाल्या, मागे छपराखालची थोडी रोपं अजून हिरवी आहेत, पावसापर्यंत तग धरली तर धरतील. मी ताबडतोब कागद घेतला. पलीकडच्या गल्लीतून पाइप, मध्ये टाकी, सगळा प्लॅन समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकला. मग म्हणाल्या, फाटकाची किल्ली शिंप्याच्या बायकोकडे दिली आहे, ती पलीकडच्या गल्लीतून कळशीने पाणी आणून घालेल.
म्हटलं, आणि मी काय करू?
वहिनींनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही पाणी घालू नका.
बरं म्हटलं. एवढं जमेल.