सहाशे बाराच्या जागेत

अण्णा, आज मला पुन्हा एकदा तुमचा सणकून राग आला आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आता तरी हे थांबायला हवं होतं. पण सकाळी तुमची नात चहाचा कप घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "आई, नुसतं गणित घेऊन पुढे उपयोग काय?" शब्द तिचे, सूर अगदी तुमचा. तिची बारावी झाली आहे, सोमवारपर्यंत फॉर्म भरायचा आहे, कॉम्प्युटर की गणित. मार्क दोन्हीकडे पुरतील. ओढा गणिताकडे आहे, फक्त माझ्याकडून एक उत्तर हवं आहे. पंचवीस वर्षं कॉलेजात गणित शिकवणाऱ्या बाईकडून ही अपेक्षा काही फार नाही.

तुम्ही खडकीच्या कारखान्यात टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. तुमच्या लेखी कुठलाच आकडा एकटा नसायचा. पुढे 'अधिक-उणे' अमुक, म्हणजे किती इकडंतिकडं झालेलं चालेल, ते लागायचंच. कारखान्यात ठीक आहे हो. पण मी "सातला घरी येते" म्हटलं तरी तुमचं आपलं, "अधिक-उणे किती?" माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलाकडच्यांनी मुलाची उंची सांगितली, तर तिथंही तुम्ही हेच विचारलंत. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

आणि ती स्वयंपाकघरातली फळी. मी एम.एस्सी.ला होते, ओट्याशेजारच्या कोनाड्यात डब्यांसाठी फळी बसवायची होती. "तू मोज," म्हणालात. मी मोजलं, सहाशे बारा मिलिमीटर. तुम्ही मुकाट्यानं बरोबर सहाशे बाराची कापलीत. फळी आत जाईना. आई हातात डाळीचा डबा घेऊन उभी, मी रडकुंडीला आलेली. "माप बरोबर आहे," मी म्हटलं. "बरोबरच आहे की," तुम्ही म्हणालात, "पण सहाशे बाराच्या जागेत सहाशे बाराची फळी जात नाही. शिवाय कोनाडा मागे निमुळता आहे. तिथं मोजलंस?" हे तुम्हाला कापायच्या आधी माहीत होतं, अण्णा. फळी वाया घालवलीत, पण तोंडानं सांगितलं नाहीत. दोन दिवस डबे जमिनीवर होते आणि तुम्ही शीळ घालत घरभर फिरत होता.

ते मी सोडून दिलं. प्रबंधाचं नाही. पाच वर्षं डोकं फोडून लिहिलेला पीएच.डी.चा प्रबंध बांधून आणला आणि पहिली प्रत तुमच्या हातात दिली. तुम्ही चष्मा लावलात, पानं उलटलीत, मग कपाटातून कारखान्यातला मापाचा व्हर्नियर काढून प्रबंधाची जाडी मोजलीत. "एकवीस पॉइंट चार," म्हणालात. "यात आकडे कुठं दिसत नाहीत. उपयोग काय याचा?" चेष्टा करत होतात की खरंच विचारत होतात, हे मला आजही ठरवता येत नाही. मी ताडकन म्हणाले, "तुम्हाला कळणार नाही." तुम्ही व्हर्नियर पुसून पेटीत ठेवलात आणि परत कधीही विचारलं नाहीत. आधी विचारून माझा जीव खाल्लात, नंतर न विचारून.

उत्तरं माझ्याकडे नाहीत असं नाही. वर्गात मी ती घडाघडा सांगते. कुणीतरी नुसतं कागदावर मांडलेलं गणित पुढे दवाखान्यातल्या स्कॅनिंगच्या मशीनमध्ये गेलं, फोनमधल्या पासवर्डमध्ये गेलं. मुलं माना डोलावतात. पण ती सगळी दुसऱ्यांची गणितं. माझा प्रबंध कुणाच्या काही कामाला आलेला मी तरी ऐकलेलं नाही.

तर आज लेकीला मी काय सांगितलं असेल? "तुला आत्ता कळणार नाही." वा. ती आत जाऊन लॅपटॉप उघडून बसली. मघाशी मी चोरून पाहिलं, कॉम्प्युटरचा फॉर्म निम्मा भरून झाला आहे.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. उठून तिच्या खोलीत जायला हवं, आणि जे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं ते निदान तिला तरी सांगायला हवं. तुम्हाला कळलं नसतं असं काही नव्हतं. उपयोग मलाच माहीत नव्हता. मला ते नुसतं आवडत होतं, आणि तेवढ्यासाठी पाच वर्षं घालवली हे तुमच्यासमोर कबूल करायची मला लाज वाटली.