भाव न करणारं गिऱ्हाईक

दि. ४ मार्च
चि. भाचीबाईस, मामाचे अ. आ.

तू नवऱ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. म्हणजे आधी तिचं रडणं, मग नाक पुसणं, मग बातमी. लहानपणी माझ्या जुन्या फर्निचरच्या दुकानातला पलंग उड्या मारून मोडलास आणि गिऱ्हाइकासमोर तो आधीच मोडका होता म्हणून ठणकावलंस, तेव्हाच ओळखलं होतं, ही पोरगी ऐकून घेणारी नव्हे. जुनं कपाट घेताना टिचकी मारून मला आतली वाळवी ऐकू येते. पोलिसांकडचं काही ऐकू येत नाही. पुढे काय होतं, सगळं लिही.

तुझा मामा

दि. ८ मार्च
ती. मामांस, सा. न. वि. वि.

चौकीतल्या खुर्च्या तुम्हीसुद्धा विकत घेणार नाही अशा आहेत. पहिला हवालदार म्हणाला, घरातलं भांडण घरात मिटवा. मी बसून राहिले. मग अधिकारी बाई आल्या. त्यांनी जबाब घेतला, वाचून दाखवला आणि पटल्याशिवाय सही करू नको म्हणाल्या. दवाखान्यात पाठवून मनगट आणि पाठीवरचे वळ तपासून घेतले. तक्रारीची प्रत मिळाली. त्याला धरलं, पण तो जामिनावर सुटेल हेही बाईंनी आधीच सांगितलं होतं. सुटला. कोर्टाचा तात्पुरता हुकूम आहे: त्याने माझ्याजवळ यायचं नाही, कुणाहाती निरोप धाडायचा नाही. पंचवीस तारखेला सुनावणी. तोवर मैत्रिणीच्या खोलीवर आहे, चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. भीती वाटते, पण भूकही लागते. तेव्हा ठीक असेन.

तुमची भाची

दि. १२ मार्च
चि. भाचीबाईस, अ. आ.

काल तुझे थोरले दीर दुकानात आले. शिसवी कपाट पाहिलं आणि मी सांगितला तो भाव मुकाट्याने कबूल केला. भाव न करणारं गिऱ्हाईक पाहिलं की माझे कान टवकारतात. चहा पिताना मुद्द्यावर आले. धाकट्याला पस्तावा झालाय, त्यानेच पाठवलंय. सुनावणीआधी तक्रार मागे घेतलीस तर नीट नांदवेल; नाहीतर तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकाच्या कानावर चार गोष्टी घालाव्या लागतील. मी पडलो सौदे करणारा माणूस. थोडं इकडे, थोडं तिकडे करून मिटत असेल तर बघ बाई.

तुझा मामा

दि. १५ मार्च
ती. मामांस, सा. न. वि. वि.

निरोप त्याचा, अक्षर तुमचं. पोस्टमनचा पगार तरी घ्यायचा होता. आणि थोडं इकडे, थोडं तिकडे म्हणजे काय मामा? त्याने एकाच हाताने मारायचं?

रागावले नाही. आईपासून शेजारणीपर्यंत सगळेच हे म्हणतात. तुम्ही निदान हसवून म्हणालात. पत्र बाईंना दाखवलं. हुकूम मोडून त्याने निरोप धाडला, तो तुमच्या कानांनी ऐकला. तुम्ही जबाब द्याल का, असं विचारताहेत. दिलात तर ती माणसं बाजारात तुमच्याबद्दल वाटेल ते बोलतील. सक्ती नाही. पण मी तक्रार मागे घेणार नाही, हे पक्कं.

तुमची भाची

दि. १९ मार्च
चि. भाचीबाईस, अ. आ.

तुझं पत्र वाचून तुझी मामी दिवसभर मला पोस्टमन म्हणून हाक मारत होती. जेवण मात्र वाढलं.

काल चौकीत जाऊन आलो. हवालदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, मुलीकडचे म्हणून बोलताय ना? मी म्हटलं, तिच्याकडचा म्हणून मी तिला गप्प बसवायला निघालो होतो. बोलतोय ते ऐकलं म्हणून. सगळं लिहून घेतलं, आणि मी दोनदा वाचून सही केली. तुझे दीर टेम्पो घेऊन आले होते. कपाट विकायचं नाही म्हणून सांगितलं. ते बाजारात काय बोलायचं ते बोलोत. माझ्याबद्दल आजवर काही कमी बोललं गेलेलं नाही.

पंचवीसला तुझ्या शेजारच्या खुर्चीवर मी असेन. तो समोर दिसला की माझ्याशी बोलत राहा. माझ्या टकलावर बोल, पोटावर बोल. तुझा आवाज मला ऐकू येत राहिला पाहिजे.

लोभ असू द्यावा, हे या वेळी थोरल्याने धाकटीला लिहायचं आहे.

तुझा मामा