खंडेनवमीची अक्षता

चाकूर,
वैशाख वद्य पंचमी

प्रिय उद्धव,

‘प्रिय’ लिहिलं ते सवयीनं. शाळेपासून तुला दुसऱ्या शब्दानं पत्र सुरू करायची हाताला सवयच नाही, म्हणून राहू दे. तुझं पत्र मिळालं. उमरीला यंदा मोहर बरा होता, नातवाला दात आले, तुझे गुडघे दुखतात. सगळं वाचलं. मी विचारलं होतं आमच्या वाडीच्या हापशाबद्दल. त्यावर एक ओळ नाही. पहिल्यांदा वाटलं, पान गळलं असेल. पाकीट फाडून उलटं करून झटकलं. काही पडलं नाही.

नांदेडच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. मी कविता पाठ करायचो आणि तू माझी गणितं सोडवायचास. गोदावरीच्या घाटावर बसून मी चाल लावून म्हणायचो आणि तू पाण्यात खडे मारत म्हणायचास, शरणप्पा, तू जन्मभर चाल लावत बसणार. तसंच झालं, मास्तर झालो. आणि तू यंत्रांचा झालास. लातूर नवा जिल्हा झाला, पाणी तपासायची प्रयोगशाळा उघडली आणि तिथला साहेब म्हणून तू आलास, तेव्हा मी शाळेत पोरांना गूळ वाटला होता. ठाऊक आहे तुला? नसेल. मी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी वरचेवर यायचो. पाण्यात औषध घातलं की ते पिवळं होतं, पिवळेपणा जितका गडद तितकं नायट्रेट जास्त, आणि त्यातून उजेड किती आरपार जातो ते काटा सांगतो, हे तू मला पोरासारखं समजावलंस. त्या चौकोनी काचकुपीचे तर किती लाड! वरच्या कडेलाच धरायची. पोटाला बोट लावायचं नाही. मऊ फडक्यानं पुसायची. खुणेची रेघ दिव्याकडे. मग खोबणीत दाबायची, खालची स्प्रिंग टक् वाजेपर्यंत. कुपी डगमगली की उजेड वाकडा जातो आणि काटा खोटं बोलतो, हे तुझेच शब्द. परतताना एसटीत मी त्याचं गाणं केलं. ‘रेघ दिव्याकडे, बोट कडेला, टक् वाजू दे, मग बघ काट्याला.’ माझी चौथीची पोरं ते उड्या मारत म्हणायची. त्यांना कुपी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण टक् माहीत होतं. आता तुझ्याहून त्या पोरांना जास्त माहीत होतं असं म्हणावं लागतं.

खंडेनवमीला हापशाचं पाणी घेऊन मीच आलो होतो. तुझ्याकडे यंत्रांची पूजा चालली होती. तू कोऱ्या, शुद्ध पाण्यावर काटा शून्यावर आणून ठेवला होतास, तेवढ्यात शिपायानं हाक मारली आणि झाकण उघडं टाकून तू आलास. हळद, कुंकू, झेंडूची माळ. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मग मला पेढा देऊन, माझ्याशी गप्पा मारत तू आमचं पाणी कुपीत भरलंस आणि खोबणीत ठेवलंस. काटा पुन्हा शून्यावर आणला नाहीस. टक् वाजलं की नाही ते मला ऐकू आलं नाही, मी पेढा खात होतो. पण ते ऐकायचं काम माझं नव्हतं, उद्धव.

पाणी पिण्यास अयोग्य ठरलं. हापशाला लाल रंग लागला, दांडा काढून नेला. लोक चिडले. मीच पारावर उभा राहून सांगितलं की उद्धवचं यंत्र खोटं बोलत नाही. सगळ्यांनी ऐकलं. आड आटले, टँकर मनात येईल तेव्हा येतो, म्हणून बाया खालच्या ओढ्यातल्या बारवेला जाऊ लागल्या. बारवेच्या पायऱ्या तुला माहीत आहेत, निम्म्या निखळलेल्या आहेत. सरजाबाई परवा माझ्या दारावरून रिकामी घागर घेऊन जाताना थांबली. म्हणाली, “मास्तर, लई ग्वाड गाणी हायती तुमची. एखाद्या गाण्यानं घागर भरती का बघा की.” बाया हसल्या.

आणि मग माघात तुझ्या निवृत्तीचं जेवण. उमरीला अंगणात पंगत बसली होती आणि तू रंगात आला होतास. दसऱ्यानंतर यंत्र पुसायला काढलं तर खोबणीत काय निघावं, तर अक्षतेचा दाणा! कुपी त्याच्यावर तिरकी बसली होती आणि खंडेनवमीचा एक नमुना उगाच नापास झाला. “देवानंच नापास केला म्हणा की!” असं तू म्हणालास आणि पंगत खदखदली. उद्धव, तुझ्या शेजारी बसून मीही हसलो. परतीच्या गाडीत, मुदखेडच्या अलीकडे कुठेतरी, मला कळलं की त्या दिवशी तिथं नमुना एकच होता.

दाणा सापडला तेव्हा तू का बोलला नाहीस, ते मला समजतं. नवा जिल्हा, नवी प्रयोगशाळा, उद्घाटनाचे हार अजून सुकले नव्हते, आणि तुझे थोडे महिने उरले होते. समजतं, आणि समजतं म्हणूनच जास्त संताप येतो. लातूरला तुझ्या जागी आलेल्या साहेबाकडे मी जाऊन आलो. तो म्हणतो, “गुरुजी, जुने साहेब स्वतः येऊन चूक झाली म्हणत असतील तर उद्या फेरतपासणी करतो. तुमच्या ऐकीव गोष्टीवर न्हाई.” त्याचं चूक नाही. पंगतीतला विनोद कोण पुरावा मानेल?

दर पत्राच्या शेवटी तुझी वहिनी, पार्वतम्मा, तुझ्यासाठी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिते. या पत्रात ती नाही. गेल्या सोमवारी ती बारवेच्या पायरीवरून घागरीसकट खाली गेली. मांडीचं हाड मोडलं. लातूरच्या दवाखान्यात पायाला वजन टांगून पडून आहे. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण पाणी आणायचं विसरा. हे तुला कळवायचं नाही असं तिनं मला बजावलं. “भाऊजींच्या जिवाला लागंल, उगं कशाला.” तिचं मी आजवर सगळं ऐकलं, हे ऐकत नाही. कारण काल सकाळी शिवगंगानं, आमच्या सुनेनं, मला न विचारता घागर उचलली आणि ओढ्याची वाट धरली. तिला सातवा महिना आहे. मी मागून गेलो, घागर हिसकावून घेतली, आणि या वयात बारवेत उतरलो. उद्याही उतरेन, परवाही. पण माझेही पाय तुझ्याच वयाचे आहेत. मला तुझी माफी नको, आणि हवापाणी तर मुळीच नको. पत्र मिळताच मिळेल त्या गाडीनं लातूरला ये, त्या साहेबासमोर उभा राहा आणि तुझ्या तोंडानं सांग. मग दवाखान्यात चल. पार्वतम्मा विचारेल, भाऊजी अचानक कसे आलात. तेही तूच सांग.

अजून तरी तुझाच,
शरणप्पा