काळ्या रंगाखालचे निकल

मी, जुन्या ट्रकची रेडिएटर-शेल पारखणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोक्याचा दाखला डॉक्टरांनी सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, हे बरे केले.

शेल म्हणजे रेडिएटरभोवतीचे पत्र्याचे कवच. ट्रकचे नाकडोळे तेच. जुन्या ट्रकवर बहुधा हाताला लागेल ते बसवलेले असते. त्यातले अस्सल कोणते, हे सांगण्यात माझा जन्म गेला.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावी. स्वयंपाकघराची खिडकी आधी उचलावी, मग ढकलावी. जावईबापू गेली पंधरा वर्षे उलटे करत आले आहेत.

२. मागच्या खोलीतील बावीस शेल जुन्या ट्रकवाल्यांच्या मंडळाला द्यावीत. मुलीच्या आईने हयातभर त्यांची धूळ पुसली आणि एकदाही त्यांना अडगळ म्हटले नाही. "तुमची पोरं" म्हणायची. त्यांतले दाराजवळचे मात्र मुलीकडे राहील. लहानपणी त्यातून डोके बाहेर काढून ती मला जेवायला हाक मारत असे. ते शेल भलत्याच ट्रकचे आहे, तरी ते विकू नये.

३. कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्याने एका दुर्मीळ शेलला आरसा बसवला आहे. ते बघायला मिळावे म्हणून मी अकरा वर्षे त्याच्याकडे जातो. आता कापायला केसही उरले नाहीत. त्याला माझ्या कपाटाचा मोठा आरसा द्यावा आणि बदल्यात ते शेल मंडळासाठी घ्यावे. अट एकच: शेल भिंतीवरून काढताना हातोडी वापरू नये.

४. आता धाकट्या भावाविषयी.

आमच्या वडिलांचा ट्रक त्याच्याकडे आहे. त्या ट्रकचे अस्सल शेल शोधण्यात धाकट्याने नऊ वर्षे घालवली. चौदा वर्षांपूर्वी मंडळाच्या मेळाव्यात मी परीक्षक होतो. मी त्या शेलवरचा काळा रंग नखाने खरवडला, आत निकल चमकले, आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "हे मोटारीचं आहे. रंग फासून ट्रकला लावलंय." लोक हसले. तो एवढेच म्हणाला, "दादा, बाजू तरी मोज." मी मोजली नाही. ट्रक रांगेतून बाहेर काढला गेला आणि आमचे बोलणे तुटले.

ट्रकचा रेडिएटर जाड, म्हणून त्याच्या शेलची बाजू मोटारीच्या शेलपेक्षा अर्धा इंच रुंद असते. रंगावर जाऊ नका, बाजू मोजा, हे मीच सगळ्यांना शिकवले. निकल बहुधा मोटारीच्या शेलला असे, ट्रकच्या शेलला नुसता काळा रंग; पण गिऱ्हाइकाने मागितले तर कारखाना ट्रकच्या शेललाही निकल चढवून देई, हेही मला ठाऊक होते. पण त्या दिवशी परीक्षकाचा बिल्ला माझ्या डोक्यात गेला होता.

सहा वर्षांपूर्वी तो ट्रक बाजारात उभा दिसला. धाकटा आसपास नव्हता. मी चोरासारखा जाऊन बाजू मोजली. शेल अस्सल होते. घरी येऊन बायकोला सांगितले. ती म्हणाली, "मग इथं काय बसलात? जा, सांगा त्याला." मी म्हणालो, उद्या जातो. पुढे ती वारली, पण माझा उद्या काही उजाडला नाही.

तरी मी येथे लिहून देतो की शेल त्याचेच बरोबर होते आणि चूक माझी होती. धाकट्या, मला तुझी फार आठवण येते.

वकील म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून मी त्याच्या नावे एक खिळाही ठेवलेला नाही. त्याने साक्षीदार म्हणून यावे, समोर बसून हे वाचावे, आणि तेव्हा मी जिवंत असावा, एवढ्यासाठीच.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च, सोमवार

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरे: धाकटा भाऊ

(सहीच्या जागी, त्याच्या अक्षरात)
दादा, दोनदा वाचलं. सही आज करत नाही. आधी ट्रकपाशी ये आणि माझ्यासमोर मोज. रविवारी सकाळी न्यायला येतो. तोवर मरायचं नाही.