तुझ्या नावाचं पान

धारवाड, १२ ऑगस्ट २००९

प्रिय सायली,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला नवल वाटेल. इथे चार दिवस धुकं आणि झिमझिम आहे. दुपार कधी सरते कळत नाही. मग वाटतं, वह्या छातीशी धरून तू अजून कॉलेजचा उतार उतरून येते आहेस. सांगलीला मावशीकडे आता रुळलीस ना? तुझं बी.ए. बाहेरून पूर्ण झाल्याचं काकूंकडून कळलं.

देशपांडे नगरातलं ते सायबर कॅफे आठवतं? प्लायवुडच्या खोक्यात शिरून पडदा ओढला की सगळं गार, निळसर व्हायचं, बाहेरचं हुबळी खोटं वाटायचं. अप्पांना आवडत नाही म्हणून तू ऑर्कुटवर नव्हतीस. तिथे तुझ्या नावाचं पान मी उघडलं, सायली. सहलीतला तुझा फोटो लावला. सुरुवातीला मी नुसती तू होऊन बघत होते. तुझ्यासारखं लिहायचे, तुझ्यासारखं हसायचे. आपल्या वर्गातला चेतन तिथे तुझ्याशी बोलायला आला. माझ्याशी तो कधी दोन शब्द बोलला नव्हता. तिथे मात्र पानभर लिहायचा, आणि मी स्वप्नात असल्यासारखी वाचत बसायचे. मग एकदा त्याने विचारलं, "ती वेदश्री सारखी तुझ्या मागे मागे का असते गं?"

त्याच दुपारी मी त्या पानावर घाणेरडं काहीबाही लिहिलं आणि खाली तुमच्या घरचा फोन नंबर टाकला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी घाबरून पान पुसलं, पण फोन महिनाभर येत राहिले. अप्पांनी तुझं कॉलेज बंद केलं. पानावर चेतनचे निरोप होते, म्हणून सगळ्यांनी त्यालाच धरलं. तुझ्या भावाने, श्रीहरीअण्णाने त्याला नवनगरच्या स्टॉपवर मारलं, त्याचा हात मोडला, कॉलेजने त्याला काढून टाकलं. सांगलीला जाताना तू माझ्या खांद्यावर रडलीस, म्हणालीस, "वेदश्री, तू होतीस म्हणून मी तरले." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

गेल्या सोमवारी इथल्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मुलाखतीला गेले होते. गेटवर पास लिहायला चेतन बसला होता. त्याने मान वर करून माझं नाव विचारलं, जणू ओळखतच नव्हता. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "बिडु, सोड ते. मला सांगून काय उपयोग? सायलीला सांग. तिला अजून मीच वाटतो." म्हणून हे पत्र. अप्पांना, अण्णाला दाखव. याची एक प्रत सही करून चेतनला दिली आहे, कॉलेजात न्यायची की पोलिसांत, ते तो ठरवेल. मला उत्तर लिहू नकोस. त्याला मात्र दोन ओळी लिही.

तुझी म्हणवून घेत आलेली,
वेदश्री